मीटिंगमध्ये फक्त इंग्रजी

वरूडच्या एका संत्र्यांच्या पॅकिंग कारखान्यात मी दोन महिने कामगारांना कामापुरतं इंग्रजी शिकवत होते. सकाळच्या मीटिंगमध्ये फक्त इंग्रजी बोलायचं, असा मॅनेजरांचा नियम होता. तो पाळला जातो की नाही, हे पाहायला मीही तिथे असायचे.

वर्गात शेवटच्या बाकावर पन्नाशीचे एक गृहस्थ बसत. संत्री निवडणं हे त्यांचं काम. फळ्यावरची वाक्यं ते कधी म्हणत नसत. बाकाखाली हातात एक संत्रं फिरवत राहायचे, देठाजवळ अंगठ्याने दाबायचे आणि हळूच नाकाशी न्यायचे. त्यावरून मी त्यांना दोनदा रागावले होते.

एका सकाळी शीतगृहातला निम्मा माल सडलेला निघाला. मॅनेजरांनी भर मीटिंगमध्ये त्या गृहस्थांना मराठीतच विचारलं, "तुमच्या लक्षात कसं नाही आलं?"

त्यांनी आवाज चढवला नाही. "तीन दिवसांपासून मले वास येऊन राह्यला होता. रोज सांगाले उभा राह्यलो. इंग्रजीत जमत नसन तं खाली बसा, असं मॅडमच म्हणत होत्या."

मॅनेजर माझ्याकडे वळले. "बघा, म्हणूनच हे ट्रेनिंग लागतं."

मी ताडकन उभी राहिले. मॅनेजरांना काय सुनावायचं ते अगदी ओठांवर आलं होतं, स्वच्छ मराठीत. तो माणूस निदान तीन दिवस उभा तरी राहिला होता.

मी खाली बसले.