आईच्या ओठांवर पुण्याची बाई

एक मूर्खपणा आधी कबूल करते: मी माझ्या आईच्या तोंडात दुसऱ्या बाईचा आवाज घातला. तोही इतका बेमालूम, की मला शाबासकी मिळाली.

तंजावूर सोडलं तेव्हा मी बावीस वर्षांची होते आणि अक्कल घरीच विसरले होते. पुण्याला फिल्म एडिटिंग शिकायला निघाले होते. स्टेशनावर अप्पा म्हणाले, "तिकडचे लोक शुद्ध मराठी बोलतात. ऐकून शीक." आई म्हणाली, "आपलंही ऐकव त्यांला." मी अप्पांचं ऐकलं. पहिल्याच आठवड्यात माझं 'जातें, येतें' ऐकून मेसमध्ये हशा पिकला, आणि वर्षभरात मी अशी पुणेरी झाले की पुणेकरांच्याच चुका काढू लागले. माकडाला टोपी मिळाली, की ते आरशासमोरून हलत नाही.

एडिटर झाले, मग मालिकांची दिग्दर्शक. एका मराठी वाहिनीसाठी तंजावूरच्या मराठी घरांवर फिल्म करायची होती, म्हणून राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत आईलाच कॅमेऱ्यासमोर बसवलं. तिच्या वडिलांनी तिला मोडी वाचायला कसं शिकवलं, ते ती वीस मिनिटं सांगत होती. आमच्या तमिळ हेलात, आमच्या जुन्या शब्दांत. एडिटिंगला बसले आणि मला लाज वाटली. कुणी सांगितलं नव्हतं हो! माझी मीच पुण्याच्या एका बाईकडून ते सगळं 'शुद्ध' म्हणवून घेतलं आणि आईच्या ओठांशी जुळवून बसवलं. मूळ टेप मोकळी झाली. तिच्यावर मालिकेतल्या सासूचं रडणं शूट केलं.

फिल्म लागली तेव्हा अख्खी गल्ली आमच्या टीव्हीसमोर. पडद्यावर आईनं तोंड उघडलं आणि सदाशिव पेठ बाहेर पडली. कुणी हसलंसुद्धा नाही. आई उठली, माझ्याजवळ आली आणि तमिळमध्ये म्हणाली, "साप्पिट्टिया?" जेवलीस का, एवढंच. माझ्याशी जन्मात तमिळ न बोललेली बाई! त्या दिवसापासून अकरा वर्षं ती माझ्याशी तमिळच बोलली. प्रेमानं, पाहुण्याशी बोलावं तसं. शेजारणीशी मराठी, भांडताना मराठी. मी उंबऱ्यात दिसले की तमिळ.

गल्लीतल्यांनो, तुम्ही तमिळ शाळांत शिकलात, तुम्हांला देवनागरी वाचता येत नाही. कुणाकडून तरी वाचून घ्या आणि मनसोक्त हसा. आता मी आजी आहे. माझं मराठी फार गोड आहे, असं सुना म्हणतात. आणि घर आठवलं, की मी ती फिल्म लावते, आवाज बंद करते आणि आईचे ओठ वाचत बसते. आजवर चार शब्द लागलेत.

तिच्या शेवटच्या आजारपणात मी रेकॉर्डर घेऊन गेले होते. उशाशी बसून विनवलं, "आई, एकदाच. मोडीचं ते, आपल्या मराठीत." तिनं रेकॉर्डरकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि अकरा वर्षांनी माझ्याशी मराठीत बोलली:

"त्या बाईला बोलाव की. मी तोंड हालवतें."