सहातला एक ग्लास

मला जुने कोरीव काचेचे ग्लास जमवायचा नाद होता. नुसते फुलापानांचे नव्हेत, ज्यांच्यावर कुणाचं तरी राज्य कोरलेलं असे ते. नांदेडच्या एका भंगारवाल्याकडे निझामाच्या मुकुटाचा ग्लास मिळाला होता. निझामी गेल्यावर कुणीतरी तो मुकुट खिळ्यानं खरवडला होता. असला राग मला आवडायचा.

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला आणि माझी तिथे टंचाईच्या कामावर बदली झाली. कुठल्या गावाला टँकर द्यायचा, ते मी बघायचो. औशाकडच्या एका गावात तपासणीला गेलो तेव्हा तिथल्या मोठ्या शेतकऱ्यानं बैठकीत बसवून पाणी दिलं. ग्लास हातात आला आणि मी बघतच राहिलो. चरखा, झेंडा आणि खाली कोरलेलं, ‘आता सगळे सारखे’. निझामी संपल्याच्या आनंदात त्याच्या वडिलांनी हैदराबादेहून असे सहा करवून आणले होते. मी गटागटा प्यालो, ग्लासाची तारीफ केली. मग त्यानं माझं गाव विचारलं, आडनाव विचारलं. मी सांगितलं. त्यानं माझ्या हातातल्या ग्लासाकडे बघितलं. मग तो म्हणाला, एवढा आवडलाय तर घेऊन जा.

मी येडा. महिनाभर ऑफिसात त्याच्या दिलदारीचं कौतुक सांगत फिरलो. पुढे मलाच चुटपुट लागली, आपल्यामुळे सहाचा संच मोडला. पुन्हा त्या गावी जायचं झालं तेव्हा ग्लास जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून परत द्यायला नेला. त्यानं हात पुढे केला नाही.

“ठेवा तुमच्याकडंच, साहेब. आमच्या आता काय कामाचा त्यो?”

तळपायाची आग मस्तकात गेली. आमच्या घरानं बुद्धाचा मार्ग धरला, मी शिकलो, साहेब झालो. आणि या माणसानं मला माझाच विटाळ भेट म्हणून दिला होता, वर मी त्याचे आभार मानले होते. मी उठलो, कोनाड्यातला दुसरा ग्लास उचलला आणि सरळ त्याच्या रांजणात बुडवला. मनगटापर्यंत हात आत. तिथेच उभा राहून प्यालो. कुणी अडवलं नाही. साहेब होतो ना.

बाहेर गल्लीत बाया रिकामे हंडे रांगेत लावून टँकरची वाट बघत होत्या. मी जीपपाशी पोचतो न पोचतो तोच त्याच्या गड्यांनी रांजण अंगणात आडवा केला. पाणी वाहत गल्लीत आलं. एक म्हातारी घाईनं खाली बसली आणि ते मातीतलं पाणी ओंजळीनं हंड्यात भरू लागली.

त्या माणसाचा संताप मला आजही येतो. पण रांजणात हात घालतानाच मला पक्कं ठाऊक होतं, ही माणसं ते पाणी ओतून देतील.