टँकरनं पाडलेली भिंत

लातूर जिल्हा नवा झाला, त्या सुमारास मी लग्न होऊन रेणापूरला आले आणि पाऊस आला नाही. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नव्हता, पण शेजारणींना तो दिसायचा.

सासऱ्यांचं किराणा दुकान होतं. त्यांना मी मामा म्हणायचे, सासूला आत्या. आमच्या स्वयंपाकघराला लागून गल्लीचा आड होता. तो आटला, तेव्हा लातूरहून एक खासगी टँकर यायला लागला. तो मागं सरत आडापाशी लागायचा आणि पाणी आत सोडायचा. मग सगळी गल्ली तेच पाणी पोहऱ्यानं वर काढायची.

एका सकाळी मी भाकरी थापत होते. बाहेर निम्मी गल्ली ड्रायव्हरला वाट दाखवत होती. कुणी म्हणे डावीकडं, कुणी उजवीकडं, कुणी नुसतंच "येऊ द्या, येऊ द्या." ड्रायव्हरनं सगळ्यांचं ऐकलं. भिंतीतून आधी माती गळली, मग दगड आले आणि त्यामागून टँकर आला. चुलीपासून हातभर अंतरावर तो थांबला. घराचं मातीचं माळवद लाकडी खांबांवर होतं, म्हणून ते वरच राहिलं.

आत्या धावत आल्या. मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"लागलं का गं?"

"न्हाई."

"मग भाकर काढ की. करपून राहिली."

टँकरचा नळ तुटून पाणी वाहत होतं. त्यामुळे आमची विचारपूस करायला आलेला प्रत्येकजण आधी घागर आणायला परत गेला.

ड्रायव्हर ओट्यावर बसला होता. "मालक मला ठिवत न्हाई आता," तो म्हणाला. आत्यांनी त्याला चहा दिला.

पोलिसांनी पंचनामा केला. टँकर मागं येताना गल्लीत कुणीच हजर नव्हतं, असं त्यात निघालं. विम्याचा कागद निघाला, पण त्याची मुदत संपलेली होती. भरपाईचं मिटेपर्यंत टँकर ठाण्यात नेऊन लावला.

मामा लातूरला वकिलाकडे गेले. वकील म्हणाले, "विमा नसला म्हणून भरपाई बुडत नाही. मालकाकडून वसूल करायची. फक्त वेळ लागतो." अर्जाच्या छापील कागदावर अजून जुन्या जिल्ह्याचं, उस्मानाबादचं नाव होतं. ते खोडून त्यांनी हातानं लातूर लिहिलं.

"किती वेळ?"

"कोर्ट नवं आहे. अजून खुर्च्या यायच्यात."

टँकर ठाण्यात, म्हणजे गल्लीला पाणी बंद. आमच्यासाठी हळहळलेली माणसं आता दुकानात यायची, पाण्याचा विषय काढायची आणि काही न घेता जायची. मामा हटेनात. "दावा मागं घेतला की तो मालक पुन्ना दिसायचा न्हाई." भिंतीच्या जागी आम्ही पोती टांगली होती. मी स्वयंपाकाला बसले की पोत्यामागून कुणीतरी विचारायचं, "आज बी पिठलंच काय?" मला त्याची फार लाज वाटायची.

शेवटी मालक स्वतः आले. बोलायला मऊ, कपडे परीटघडीचे.

"टँकर सुटला तर कमवीन अन् भरपाई देईन," ते म्हणाले.

"भरपाई दिली तर टँकर सुटंल," मामा म्हणाले.

दोघांचंही बरोबर होतं, त्यामुळे बोलणं तिथंच अडलं. नव्या सुनेनं परक्या माणसासमोर बोलायची रीत नव्हती. मी दाराआडून आत्यांच्या कानात सांगितलं. त्या मोठ्यानं म्हणाल्या, "सून म्हणतीय, आमाला पैसे नकोत. दगड हायतच. तुमी गवंडी अन् सिमेंट घिऊन या. ते दारात आले की आमचे हे ठाण्यात जाऊन हरकत न्हाई म्हणून लिहून देतेत. भिंत झाली की दावा मागं."

मालकांनी मामांकडे बघितलं. मामांनी दाराकडे बघितलं.

मी पुन्हा आत्यांच्या कानाला लागले.

"अन् खिडकी," आत्या म्हणाल्या.

"आधी व्हती का खिडकी?"

"नव्हती. पण टँकर आत आल्यापासून लई उजेड पडतोय. आता सवय झाली."

मालकांनी हातानं माप दाखवलं. "लहान चालंल का?"

"चालंल."

टँकरची पहिली खेप सिमेंट कालवायला गेली. प्यायचं पाणी भिंतीत जाताना गल्लीनं उभं राहून पाहिलं. पुढं भिंतीवर मारायला मी भांडी धुतलेलं पाणी वापरलं. भिंत पक्की झाली. खिडकीतून धूर बाहेर जायला लागला आणि माझं खोकणं थांबलं. टँकरखाली फुटलेल्या आमच्या रांजणांचं तेवढं बोलण्यात राहून गेलं.

दावा मागं घ्यायला मामा आणि मालक टँकरमधूनच लातूरला गेले. कोर्टात कारकुनानं विचारलं, "भरपाई मिळाली?"

"मिळाली."

"किती?"

"एक भिंत," मामा म्हणाले. "खिडकीसकट."

कारकुनाला आकडा हवा होता. मामा म्हणाले, "ते मालकांना इचारा, सिमेंट त्यांनी आणलंय." मालक तेव्हा बाहेरच्या टपरीवर दोघांसाठी चहा सांगत होते.