कोरड्या तांदळाची साक्ष

ती घटना आठवायला मला कुठलं दप्तर उघडावं लागत नाही. पुरावा म्हणून फौजदाराच्या टेबलावर चावलेले तांदूळ आणून ठेवल्याचा प्रसंग माझ्या उभ्या नोकरीत एकदाच आला.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मोठा दुष्काळ नुकताच सरला होता. मी मूळचा कोरेगावकडचा, बागायतीत वाढलेला. फौजदार म्हणून बदली झाली ती जतच्या बाजूला. जिकडे बघावं तिकडे माळ, मेंढरं आणि पावसाच्या भरवशावरची ज्वारी. निम्मी वस्ती कानडी बोलणारी. ठाण्याची जीप दिवसाआड ढकलून चालू करावी लागे आणि ढकलायला ड्यूटीवरचे सगळे जात, फौजदारसुद्धा.

एके दिवशी सकाळी हजेरी आटोपली आणि जवळच्या गावातला एक पंच आत आला. स्वच्छ धोतर, पटका, गालात तंबाखूची गोळी. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाला, "सायेब, चोर घावला. तुमी फकस्त बेड्या घाला."

"आधी चोरी कसली ते तरी सांगा," मी म्हणालो.

यात्रा तोंडावर आलेली आणि ग्रामदैवताचा चांदीचा मुखवटा पेटीतून नाहीसा झालेला. ठाण्यात वर्दी न देता गावानं आपला तपास आपणच उरकला होता. त्या भागात जुनी चाल होती. ज्यांच्यावर संशय, त्यांना देवापुढे बसवायचं, मूठभर कोरडे तांदूळ चावायला द्यायचे आणि पानावर थुंकायला लावायचं. सावाचे तांदूळ ओले निघतात, चोराचे कोरडे, अशी समजूत. देवळाची झाडलोट करणाऱ्या गुरवाच्या सुनेचे तांदूळ कोरडे ठणठणीत निघाले. पंचानं खिशातून पळसाचं पान काढून माझ्यापुढे उलगडलं. आत तेच तांदूळ.

माझा हवालदार मोठा मिस्कील. चेहरा गंभीर ठेवून त्यानं विचारलं, "सायेब, ह्या मुद्देमालाला लाखेचं सील कुटं मारायचं?" मी त्याच्यावर डोळे वटारले आणि हसू लपवायला खिडकीकडे वळलो.

पण बाहेर बैलगाडी थांबली आणि हसू जागच्या जागी विरलं. गाडीत ती सून होती. वीस-एकवीस वर्षांची पोर, नवरा फौजेत, सरहद्दीवर. मागे अर्धं गाव. भर उन्हात तिचे दात वाजत होते. ओठ पांढरेफटक, बोटं आखडलेली. नाव विचारलं तर घशातून आवाज फुटेना. माहेर कानडी मुलखातलं, फुटला तो शब्द एकच, "इल्ला, इल्ला." नाही, नाही.

"बगा सायेब," पंच म्हणाला, "तिचं अंगच बोलतंय."

गावानं निकाल देऊन टाकला होता. पोरीला त्याच दिवशी माहेरी घालवायची, नवऱ्याला पत्र टाकून सोडचिठ्ठी द्यायला सांगायचं आणि गुरवाच्या घराकडून देवाची सेवा काढून घ्यायची. मी तिला अटक केली असती तर त्या निकालावर सरकारी शिक्का बसला असता. कोर्टातून पुढे सुटली असती तरी तिचा संसार परत आला नसता.

गाडीच्या मागून धापा टाकत तिची सासू आली. उंच, रापलेली, आवाज असा की ठाण्याची कौलं हलावीत. त्या काळी आमच्याकडे महिला पोलीस नव्हती. सासू कुणाला न विचारता सुनेला खेटून जमिनीवर बसली.

"आवं सायेब, ही भित्री हाय, चोर न्हाई! पाल दिसली तरी हिला दरदरून घाम फुटतुया. हळद लावली तवा हिचं हात असंच गार पडलं हुतं. तवा काय चोरलं हुतं हिनं?"

बाई नुसती रडली असती तर मी सवयीनं दुर्लक्ष केलं असतं. पण हा सरळ सवाल होता. मी गर्दी बाहेर घालवली, सुनेला पाणी दिलं. भांडं दातांवर आपटत होतं. हवालदाराला कानडी येत होतं. त्याच्यामार्फत मी आधी इकडचं तिकडचं विचारलं. शेळ्या किती? माहेरी कोण कोण? काल कालवण कसलं केलं? प्रत्येक प्रश्नाला तीच थरथर. मधेच मुखवट्याचं विचारलं. थरथर तसूभर वाढली नाही. कालवणाला जेवढी भ्याली, तेवढीच मुखवट्याला.

शेवटी तिला भोवळ आली. सरकारी दवाखान्यात नेली. डॉक्टर सांगलीकडचे, शांत गृहस्थ. नाडी बघून म्हणाले, "भीतीनं लाळ आटते, हातापायांचं रक्त आत ओढलं जातं, काळीज धडधडतं, लघवीला लागते. वाघ बघून होतं तेच पोलीस बघून होतं. शरीराला धोका कळतो, फौजदारसाहेब. गुन्हा त्याला कुठला कळायला?"

म्हणजे त्या तांदळांनी गावातली सगळ्यात भित्री बाई तेवढी हुडकून दिली होती.

दुपारी गावात जाऊन घटनास्थळाचा पंचनामा केला. पेटीचं कुलूप शाबूत होतं. किल्ल्या दोन, एक गुरवाकडे, दुसरी त्या पंचाकडे. तांदळाची कल्पना कुणाची, असं विचारल्यावर सगळ्यांच्या माना एकाच बाजूला वळल्या. पंचानं सगळ्यांदेखत स्वतःही तांदूळ चावले होते आणि ते चांगले ओले निघाले होते. निघणारच! खेळ त्यानंच मांडलेला, त्याला कसलं भ्या वाटणार?

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "चला पंच, तुमचं घरदार, रान दाखवा."

गडी रंगात आला. गोठा दाखवला, विहीर दाखवली, पाणी कुठपर्यंत खाली गेलंय ते सांगितलं. अधूनमधून तंबाखूची लांब पिचकारी मारत होता. मी काहीच विचारत नव्हतो, नुसता मान डोलवत चाललो होतो. विहिरीवरून आम्ही खळ्याच्या अंगाला वळलो. तिथे कडब्याची मोठी गंजी रचलेली होती.

पंच गप्प झाला.

त्यानं नवी तंबाखू काढली. मळताना अंगठा तळहातावर टिकेना, चुना धोतरावर सांडला. कशीबशी तोंडात टाकली आणि थुंकायला गेला, तर थुंकीच येईना. तंबाखूचा चुरा ओठाला चिकटून राहिला. गार वारा असताना कानशिलावरून घाम ओघळत होता. "जरा लघवीला जाऊन येतू," म्हणाला. आला, पुन्हा गेला. मी त्याला गप्पा मारत परत विहिरीवर नेलं. रंग माघारी आला, पिचकारीसुद्धा आली. पुन्हा गंजीकडे वळवलं, पुन्हा तोंड कोरडं.

हवालदार माझ्या कानाशी लागला, "सायेब, ह्येच्या पोटात गंजी दुखतीया."

"पंच," मी म्हणालो, "थुंका की."

त्यानं प्रयत्न केला. मग खाली बसला आणि डोक्याचा पटका काढून मांडीवर ठेवला. "सायेब, मार देऊ नगा. म्याच काढून देतू."

दोन साक्षीदार बोलावून त्याचं निवेदन लिहून घेतलं. त्यानं स्वतःच्या हातानं पेंड्या उपसल्या. आत जुन्या धोतरात गुंडाळलेला मुखवटा. यात्रेची गर्दी पांगली की परगावी नेऊन आटवायचा बेत होता. संशय मात्र कुणावर तरी पक्का बसायला हवा होता आणि त्यासाठी त्याला भित्री सून सापडली होती. कुणाच्या अंगाला बोट न लावता गुन्हा उघडकीस आला.

पुढे चौकशीच्या खोलीत मी शेकडो माणसं घाबरलेली पाहिली. निरपराध माणसाची भीती सगळ्या प्रश्नांना सारखी असते. अपराध्याची भीती एका जागी चढते आणि तिथून हललं की उतरते. म्हणून मी समोरच्याला आधी पाणी द्यायचो, गावच्या, घरच्या गोष्टी काढायचो, तो एरवी कसा आहे ते बघायचो आणि मगच कामाचं विचारायचो. त्यामुळे किती निरपराध माणसं माझ्या हातून वाचली असतील, देव जाणे. त्याचं श्रेय लोकांनी मला दिलं. ते खरं त्या सासूचं आहे. ती त्या दिवशी ठाण्यात येऊन बसली नसती, तर मीही त्या पोरीचे गार हात पाहून कागद रंगवले असते. त्या माऊलीचे उपकार मी मरेपर्यंत विसरणार नाही.

कोर्टाच्या हुकुमानं सुपूर्तनाम्यावर, म्हणजे मागितला की परत हजर करायच्या हमीवर, मुखवटा यात्रेआधी सुटला. तो घेऊन मी देवळात गेलो तेव्हा सगळं गाव खाली मान घालून उभं होतं. एक वडीलधारे पुढे झाले आणि मुखवट्यासाठी हात पसरले. सासूनं त्यांना बाजूला सारलं.

"आवं, सरा तिकडं. माझी सून बसवंल."

मी मुखवटा सुनेच्या हातात दिला. तिचे हात इतके कापत होते की चांदी देवाच्या चौथऱ्यावर खडखड वाजू लागली. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "आवं काकू, धरा तुमी, पडंल त्यो!"

सासू जागची हलली नाही. हाताची घडी घालून सुनेच्या मागे उभी राहिली आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "कापू द्या. कापत्या हातानं बी देव बसतुया."