आईचं माहेरचं नाव

आई-बाबांना कायमचं अमेरिकेत न्यायला मी रजा काढून विद्यानगरच्या घरी आलो होतो. गल्लीत दर दोन घरांआड कॉम्प्युटरचे क्लास निघाले होते. जो तो परदेशी निघाला होता. आईला मात्र कोणी विचारलं नव्हतं, मीही नाही.

व्हिसाची मुलाखत मद्रासला, परवा. मी धसका घेतला होता, कारण आईची नावं दोन. आमच्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात, तसं तिचंही बदललं. जन्माचा दाखला नव्हताच. त्याऐवजी बिदरच्या मामाने दिलेल्या अ‍ॅफिडेव्हिटवर माहेरचं नाव आणि पासपोर्टवर सासरचं. मुलाखत घेणाऱ्या साहेबाला या दोन वेगळ्या बायका वाटल्या, तर फाइल तिथंच बंद.

म्हणून मी टेबलापलीकडे साहेब होऊन बसलो आणि तिची तयारी करून घेऊ लागलो. ती चुकत होती, मी चिडत होतो. शेवटी मी तिला दरडावून माहेरच्या नावाने हाक मारली.

आई उठली, दाराशी गेली आणि कडी काढून बाहेर बघू लागली.

"दादा आला वाटलं," ती म्हणाली. ते नाव घेणारा आता एकटा मामाच उरला होता.

परवा व्हिसाच्या खिडकीपाशी असंच झालं तर?

ती परत येऊन बसली. "तिथं गेल्यावर अजून एक नाव ठेवत नाहीत ना रे?"

"काहीतरीच काय," मी म्हणालो.

तिकडे ऑफिसात मला कोणत्या नावाने हाक मारतात, ते मी तिला कधीच सांगितलं नव्हतं.