पश्चिमेच्या खिडकीचा पडदा

केशवराव बसले की त्यांचा उजवा पाय चालू व्हायचा. कॉफीच्या हॉटेलातला बाक असो, बन्नूरची बस असो, नाहीतर दवाखान्यातली खुर्ची असो. खाली मशीन नसली तरी टाच-चवडा, टाच-चवडा असं त्यांचं चालूच. बाकावर शेजारी बसलेल्याची कॉफी बशीत सांडायची, तो वैतागून बघायचा, आणि केशवराव दोन्ही हातांनी गुडघा दाबून धरत म्हणायचे, "क्षमिसी साहेब, चाळीस वर्षं शिवणाची मशीन मारली. मी थांबतो, हा थांबत नाही." एवढं बोलून होईपर्यंत पाय पुन्हा सुरू झालेला असायचा.

मी तरी कुठे स्वस्थ होते? नवऱ्याची बदली झाली म्हणून नाशिक सोडून म्हैसूरला आले होते. विजयनगरातल्या भाड्याच्या घरात दिवसभर कपाटं इकडची तिकडे सरकवत बसायचे. घरं सजवणं हा माझा व्यवसाय, पण इथे मला ओळखणारं कुणी नव्हतं. अशात एक काम चालून आलं. शहराच्या टोकाला रेशमाचा एक जुना कारखाना बरीच वर्षं बंद पडून होता, त्याचे फ्लॅट होत होते. दुप्पट उंचीच्या खोल्या, उघड्या विटा, छताला लोखंडी तुळया, वर झोपायला अर्धा मजला. त्याला लॉफ्ट म्हणायचं. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "लॉफ्टवर आपण जुने डबे आणि पाटावरवंटा ठेवतो. माणसं कशी राहणार?" मी हसले. सहा आठवड्यांत नमुन्याचा एक फ्लॅट सजवून दाखवायचा होता. तो पसंत पडला तर बाकीचे सगळे माझे, नाही पडला तर पुन्हा कपाटं सरकवणं.

त्या फ्लॅटची पश्चिमेची खिडकी चौदा फूट उंच होती. पडदेवाल्यांनी कानावर हात ठेवले. एवढ्या उंचीचं जाड कापड झोल न पडता शिवणं आमच्याच्यानं होणार नाही, म्हणाले. कुणीतरी बाजारामागच्या गल्लीतल्या केशवरावांचं नाव सांगितलं. गेले तर म्हातारा शिवणयंत्राला मराठीतून रागावत होता. मी मोडक्या कन्नडात काम सांगायला लागले, तर त्यांनी मान वर केली. "तुम्ही वरच्या मराठी, अल्वा? मग बोला की सरळ." वरच्या म्हणजे महाराष्ट्रातल्या, आणि अल्वा म्हणजे नाही का. त्यांचं घराणं किती पिढ्यांपूर्वी इथे आलं हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. "येताना विठोबा आणला आणि सुई आणली, अष्टे," एवढाच त्यांचा इतिहास.

कारखान्याचं नाव ऐकलं मात्र, केशवराव ताडकन उठले. दुकानाच्या उंबऱ्यापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले.

"कुठली खिडकी?"

"पश्चिमेची. खालच्या मजल्यावरची मोठी."

"शिवतो. पण एक बोलून ठेवा, ताई. पडदा चढला की उतरायचा नाही."

"बरं, नाही उतरवणार," मी म्हणाले. भाजीवाल्याला "उद्या घेते हं" म्हणावं, तसं म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. त्यांची बायको इंदूबाई त्या कारखान्यात रंगखात्यात होती. बावीस वर्षं. समोर उकळत्या रंगाची पिंपं, पाठीमागे ती खिडकी. दुपारचे चार वाजले की ऊन मानेवर यायचं आणि पिंपातल्या पाण्यावरून उलटून डोळ्यांत शिरायचं. कारखान्यातल्या बायकांना घड्याळ लागायचं नाही, मान भाजली की चार. लग्नानंतर वर्षभरानं केशवरावांनी जाड खादी दुहेरी करून त्या खिडकीसाठी पडदा शिवला. बायकांनी शिडी लावून तो चढवला. तासाभरात मुकादमानं ओढून खाली पाडला. उजेड नसेल तर रंगाची छटा कळत नाही, हे त्याचं म्हणणं. वर इंदूबाईला आठ दिवस घरी बसवलं.

"माझ्या हातचं कापड कुणी परत केलं नव्हतं, ताई. ते एकच परत आलं." गुडघ्यावर हात होते, पाय चालूच होता. "ती कधी बोलत नाही त्यावर. पण मला सुम्ने, गप बसवत नाही."

माझ्याकडे माप घेणारं लेझरचं यंत्र होतं. खिडकीच्या उजव्या कोपऱ्यात ते धरलं, आकडा आला, कागदावर लिहून केशवरावांच्या हातात दिला. त्यांना तो मान्य नव्हता. त्यांनी गळ्यातली टेप काढली, शिडीवर चढले आणि एका खिडकीचं माप पाच ठिकाणी घ्यायला लागले. सुतार थांबलेला, रंगवाला थांबलेला.

"काका, सरळ भिंत आहे. एकदा घेतलं की झालं!"

"भिंत सरळ आहे. जमीन चालते, ताई."

"जमीन कशी चालेल?"

"कात्री एकदाच बोलते. मग जन्मभर आपणच बोलत बसायचं, अल्वा?"

मला उशीर होत होता आणि मला म्हातारी माणसं कोड्यात बोललेली आवडत नाहीत. मी टेप अक्षरशः त्यांच्या हातातून काढून घेतली आणि माझ्या आकड्यावर शिवा म्हणून सांगितलं. त्यांनी आकड्याचा कागद खिशात घातला. शिवायला मात्र मानलं पाहिजे! विटकरी रंगाचं जाड सुती कापड, आतून अस्तर, आणि चौदा फुटांत कुठे एक सुरकुती नाही.

पडदा चढवला त्या दिवशी उजवीकडे तो जमिनीला बरोबर टेकला आणि डावीकडे चांगला चार बोटं वर राहिला. आखूड परकर घातल्यासारखा दिसायला लागला. मी सगळ्या कारागिरांसमोर केशवरावांना बोलले. काय काय बोलले ते आता लिहवत नाही. "वय झालं की काम सोडावं माणसानं" हे त्यातलं एक वाक्य होतं.

ते डाव्या कोपऱ्यात खाली बसले, खिशातलं ब्लेड काढलं आणि खालची दुमड उसवायला लागले. आत वीतभर कापड दुमडून ठेवलेलं होतं. वाढत्या मुलीच्या झग्याला ठेवतात तशी माया. ती थोडी थोडी तिरकी सोडत, टाचण्या लावत ते उजवीकडे सरकत गेले. पडदा या टोकापासून त्या टोकापर्यंत टेकला. मग त्यांनी माझ्या हातातली पाण्याची बाटली घेतली आणि फरशीवर थोडं पाणी ओतलं. पाणी सुरसुरत डाव्या कोपऱ्याकडे गेलं.

"रंगाचं पाणी वाहून जायला उतार ठेवलाय. तिकडे गटार होतं. इंदू त्याच उतारावर उभी राहायची. एक पाय वर, एक खाली. अजून घरात तशीच उभी राहते."

मी माफी मागितली. ती त्यांनी हातानंच झटकून टाकली. "होगली बिडी, जाऊ द्या. तुमचा आकडा खोटा नव्हता. एकाच ठिकाणचा होता, अष्टे."

त्यानंतरचे चार दिवस केशवराव काम नसतानाही रोज यायचे. पडदा सरकवून बघायचे, दोरी ओढून बघायचे, चार वाजता तो ओढून घ्यायचे आणि खोलीच्या मधोमध उभे राहायचे. "आयतवारी इंदूला आणतो," म्हणायचे. "तिला आता डोळ्यांनी उजेड तेवढा कळतो. पडदा दिसणार नाही, पण सावली कळेल, अल्वा?" मीच त्यांना रविवारी या म्हणाले होते.

बिल्डर आला शनिवारी. बरोबर बंगळूरची दोन-तीन माणसं. विटा आवडल्या, तुळया आवडल्या, दिवे आवडले. खिडकीपाशी आल्यावर तो थांबला. "हे काय? लोक लॉफ्ट घेतात ते या खिडकीसाठी. कारखान्याचा मूळचा उजेड आहे हा. काढा तो पडदा."

केशवराव दाराशी उभे होते. ते माझ्याकडे बघत होते, बिल्डरकडे नाही.

मला बोलता आलं असतं. चार वाजायला वीस मिनिटं होती. थोडं थांबा, इथे बसून बघा, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण मला बाकीचे फ्लॅट दिसत होते आणि विजयनगरातली ती कपाटं दिसत होती. मी म्हणाले, "हो सर, लगेच काढते." आणि सुताराला शिडी आणायला सांगितली.

"शिडी बेडा," केशवराव म्हणाले. "मीच उतरवतो."

त्यांनी पडदा उतरवला, फरशीवर पसरला, घडीवर घडी घातली. मी पुटपुटले, "काका, मी नंतर बघते काहीतरी." त्यांनी पडदा खांद्यावर घेतला आणि म्हणाले, "मुकादम तरी मोठ्यानं ओरडला होता, ताई." त्यात राग नव्हता. तो असता तर मला बरं वाटलं असतं.

सगळे फ्लॅट मला मिळाले. वर्षभर मी त्या इमारतीत होते आणि केशवरावांच्या गल्लीत एकदाही गेले नाही. दोनदा फोन केला. दोन्ही वेळा ते नीट बोलले, कामाची गडबड आहे म्हणाले, आणि मागून मशीनचा आवाज आला नाही. कॉफीच्या हॉटेलवाल्याकडून एक दिवस कळलं की टेलर गेले. दहा-बारा दिवस झाले होते. मी इंदूबाईंना भेटायला जायला निघाले आणि वाटेतून परत फिरले. तोंड कुठलं घेऊन जाणार?

तो नमुन्याचा फ्लॅट एका डॉक्टरीणबाईंनी घेतला. उन्हाळ्यात त्यांचा फोन आला. "तुम्हीच सजवलंय ना हे घर? चार वाजता इथे बसून दाखवा मला. टेबल हलवलं, सोफा हलवला, आता मीच स्वयंपाकघरात राहते."

मी केशवरावांच्या घरी गेले. इंदूबाई दारात उभ्या होत्या. एक गुडघा किंचित वाकवलेला, एक पाय सरळ. मी कोण ते सांगितलं, मी काय केलं तेही सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "ते बोलले होते मला," म्हणाल्या. "रागानं नाही हो. ती पोरगी भ्याली, म्हणाले." मग आत जाऊन चाचपडत ट्रंक उघडली. विटकरी पडदा वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवला होता. खालची दुमड हातशिलाईनं पक्की केलेली होती, तिरकी, त्या फरशीच्या उतारासारखी. उतरवून आणल्यावर केशवरावांनी ती घरी बसून पक्की केली होती. दुसऱ्या कुठल्याही खिडकीला तो पडदा वाकडाच दिसला असता.

"तुम्ही पण चला," मी म्हणाले. त्यांनी स्वल्प विचार केला आणि चपला शोधायला लागल्या.

डॉक्टरीणबाईंना सगळं आधी सांगून ठेवलं होतं. शिडीवर मी स्वतः चढले. मापं घ्यावी लागली नाहीत. पडदा सोडला, तो या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत टेकला. खिडकीकडे पाठ करून ठेवलेल्या खुर्चीत इंदूबाईंना बसवलं. त्यांनी पायानं फरशी चाचपली. "हां, इथेच," म्हणाल्या. डॉक्टरीणबाईंनी कॉफी आणली. इंदूबाई कारखान्यातल्या पोरींच्या, पिंपांच्या, कुठला रंग नखांत किती दिवस राहायचा त्याच्या गोष्टी सांगत बसल्या. मी शेजारी बसले होते आणि माझा पाय हलत होता.

मध्येच त्या थांबल्या. पदर सारखा करायला मानेपाशी गेलेला हात तिथेच राहिला.

"चार वाजायला आले असतील, अल्वा?"

भिंतीवरचं घड्याळ बघून मी म्हणाले, "साडेचार होऊन गेले, आजी."

त्यांनी तळहात मानेवर उलटा-सुलटा फिरवून बघितला.

"कळलंच नाही हो," इंदूबाई म्हणाल्या.