नरसम्माची गाली

चि. अनघा आणि चि. रोहन,

रविवारी फोनवर तुम्ही दोघांनी हसत हसत विचारलंत, "आजी, तुझ्या घरी खरंच विच होती? शिव्या देऊन वादळ आणणारी?" तुमच्या शरदमामाने कुणाच्या तरी लग्नात ही गोष्ट रंगवून सांगितली, आणि त्याची व्हिडिओ कॅसेट आता तिकडे घरोघर फिरते आहे म्हणे. मी फोन लगेच ठेवला. मला राग आला होता, आणि रागात मला नीट बोलता येत नाही. लिहिता येतं. म्हणून हे पत्र... शरदलाही वाचून दाखवा.

आधी एक गोष्ट. भूत, करणी, चेटूक यांवर माझा विश्वास कधीच नव्हता, आजही नाही. मी हायस्कुलात तीस वर्षं सायन्स शिकवलं. पण जे झालं ते झालं, आणि ते माझ्याच हाताला धरून झालं.

एकोणीसशे तिसाच्या आगेमागे, सोलापूर, साखर पेठ. मी अकरा वर्षांची. माझ्या वडिलांचे थोरले भाऊ म्हणजे आप्पाकाका, आणि आम्ही सगळे एकत्र राहायचो. मागच्या अंगणात आप्पांचे सहा हातमाग होते — मातीच्या भिंती, वर पत्रा. विणकर सगळे तेलुगू बोलणारे. नरसम्मा तिथे कांड्या भरायची, म्हणजे धोट्यात बसणाऱ्या लहान नळ्यांवर रहाटाने सूत गुंडाळायची. साठीची असेल. तिच्या उजव्या हाताची करंगळी अर्धीच होती, आणि लाल सुताचा रंग त्या तळव्यातून कधी जायचा नाही. मराठी तिला येत नव्हतं.

वैशाखातला मंगळवार. बाजाराचा दिवस, म्हणून माग दुपारपासून बंद राहणार होते. आभाळ स्वच्छ, पान हलत नव्हतं. सकाळीच नरसम्मा रहाट सोडून ओसरीवर आली आणि आप्पांसमोर हात नाचवत ओरडू लागली, "गाली! गाली वस्तुंदी! पेद्द गाली!"

सोलापुरात गाली म्हणजे काय ते कुणाला शिकवावं लागत नाही. बाजारात उठता-बसता दखनी उर्दू कानावर पडते. गाली म्हणजे शिवी.

"माझ्या दारात उभी राहून मलाच गाली देती?" आप्पा उठले.

"म्हातारीची जीभ मागापेक्षा जास्त चालती की!" काकू म्हणाल्या. सगळे हसले. मीही हसले.

म्हातारा मुकादम पुढे झाला. "मालक, शिवी न्हाय की ती. ती म्हनती, सूत सकाळधरनं अंगाला चिकटतंय, केसावानी उबं ऱ्हातंय... ती वाऱ्याचं..."

"तुला विचारलं का मी? तू मला तेलुगू शिकवणार?"

शिकवायला हवं होतं! वीस वर्षं तेलुगू माणसांच्या कामावर जेवलेल्या या माणसाला त्यांच्या भाषेतले शब्द येत होते तीन — लवकर, उद्या आणि चालता हो. त्यातला तिसरा त्यांनी नरसम्मावर वापरला. मुकादम मान खाली घालून गेला. माझ्या वडिलांनी, ज्यांना आम्ही भाऊ म्हणायचो, थोरल्या भावाला उलट उत्तर दिलं नाही. त्यांनी फक्त नरसम्माला स्टेशनवर नेलं, दुधनीचं तिकीट काढून दिलं — तिथे तिची लेक होती — आणि गाडी हलेपर्यंत ते फलाटावर थांबले. हे त्यांनी स्वतः मला अनेकदा सांगितलं. गाडी सकाळचीच होती.

जेवताना मी परकर-पोलक्यावर आमरस सांडला. आईने दोन रट्टे दिले आणि ट्रंकेतलं धुतलेलं पांढरं पोलकं, लांब बाह्यांचं, मला घातलं. हे लक्षात ठेवा.

दुपारी तीनच्या सुमारास मी आणि मनू — आप्पांची मुलगी, नऊ वर्षांची — मागाच्या खड्ड्यात, विणकर विणताना बसतो तिथे, पाय सोडून सागरगोटे खेळत होतो. सुताला ओल हवी म्हणून जमिनीवर पाणी मारलेलं असायचं, त्यामुळे तिथे गार वाटे. एवढ्यात कुणीतरी माझं मनगट धरलं. मी वर पाहिलं तर नरसम्मा. तेच विटकं हिरवं लुगडं. "बयटिकी रा!" म्हणाली. या हाकेने ती आम्हाला रोज खड्ड्यातून बाहेर काढायची, म्हणून तेवढं मला कळायचं. मला नवल वाटलं नाही. वाटलं, परत आली.

तिने मला ओढत अंगणात आणलं. मी मागे वळून ओरडले, "मने, ऊठ! ती बोलावतेय!"

"कोण बोलावतंय?" मनू आतून म्हणाली. "डाव अर्धा टाकून पळतेस? हरले म्हण की आधी!"

मी हरले म्हटलं नाही.

मग तांबडी भिंत चालून यावी तसा वारा आला. पत्रा कागदासारखा उठला. मातीची भिंत आत, खड्ड्यावर कोसळली. धूळ खाली बसली तेव्हा अंगणात मी एकटीच उभी होते. मनूला काढलं तेव्हा तिच्या मुठीत सागरगोटे होते.

तेराव्यानंतर भाऊ दुधनीला गेले. नरसम्मा त्या दिवशी बाराच्या आतच तिथे पोचली होती, लेकीच्या ओट्यावर निजली होती, शेजारच्या बायकांनी पाहिली होती. मला कुणी बाहेर ओढलं, याचं तिला काहीच ठाऊक नव्हतं. मनूचं ऐकून ती रडली आणि तोच एक शब्द पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. तेलुगूत गाली म्हणजे वारा, आणि तिकडे सीमेवर कानडीतही गाळी म्हणजे वारा; त्या सकाळी ती 'मोठा वारा येतोय' एवढंच सांगत होती. शेजारणीने भाऊंना विचारलं, "वारं म्हनती की ती. एवढंबी कळंना व्हय तुमच्यात?"

भाऊंनी घरी येऊन हे सांगितलं. आप्पांनी ऐकून घेतलं, आणि दुसऱ्याच दिवसापासून पेठभर सांगायला सुरुवात केली — म्हातारी चेटकीण होती, तिच्या शिव्यांनी माझी पोर खाल्ली. मुलगी गेलेल्या बापाचं दुःख मला कळतं. पण खरं काय ते कळल्यावर त्यांनी हे केलं, आणि ते मी त्यांना माफ केलेलं नाही. नरसम्माला सोलापुरात पुन्हा कुणी रहाटाला हात लावू दिला नाही. ती दुधनीतच, लेकीच्या दारात, गेली.

सुताचं मला पुढे कळलं. वादळापूर्वीच्या कोरड्या हवेत स्टॅटिक विजेने धागे उभे राहतात; तिच्या बोटांना वादळ आमच्या आधी कळलं, एवढंच. पण दुपारी तीन वाजता माझं मनगट कुणी धरलं? मी पुष्कळ विचार केला. मी आपणहून बाहेर पळाले असेन, बाकीचं नंतर मनाने रचलं असेल, असंही स्वतःला सांगून पाहिलं. पटत नाही. आणि बाहेर न्यायचंच होतं, तर मनूला का नाही? मी शाळेत विंड म्हणजे वारा हे पाठ केलं होतं... मागच्या अंगणातला शब्द मात्र मला येत नव्हता, आणि मी हसले होते.

पुन्हा ही गोष्ट कुणी सांगितली तर विच म्हणू नका. तिला नाव होतं.

ते पांढरं पोलकं माझ्या ट्रंकेत आहे. डाव्या बाहीवर मनगटाजवळ लाल डाग आहेत : अंगठा, तीन बोटं आणि अर्धी करंगळी.